मॅग्नोलियाला विचारून तिकीट काढा : कॉर्नवॉलच्या बागा पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

इंग्लंडच्या नकाशात खाली डावीकडे एक निमुळता पाय समुद्रात गेलेला दिसतो, तो कॉर्नवॉल. बहुतेक लोक तिथे जुलै-ऑगस्टमध्ये जातात, वाळूसाठी आणि लाटांसाठी. तेव्हा किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि ज्या बागांसाठी मी तिकडे वळतो त्यांचा भर ओसरून गेलेला असतो. त्या बागांचा खरा मोसम फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत. त्या काळात समुद्राचं पाणी पाय बधिर करतं, पण दऱ्याखोऱ्यांतून ऱ्होडोडेंड्रॉनची झाडं फुलांनी पेटलेली असतात.

पहिल्या खेपेला मी चार दिवसांत आठ बागा बघितल्या. तिसऱ्या दिवशी कुठलं झाड कुठल्या बागेतलं हे आठवेना, आणि फोटो बघूनही उलगडा होईना. तेव्हापासूनचा माझा नियम असा : दिवसाला एक बाग, फार तर अगदी शेजारशेजारच्या दोन. खालचं सगळं हा नियम धरून लिहिलं आहे.

पहिलं काम : आठवडा फुलावरून ठरवा

कॉर्नवॉलमध्ये वसंत आला की नाही, हे सहा झाडांना विचारतात. केरहेज, हेलिगन, ट्रेबा, ट्रेविडन, ट्रेविदन आणि ट्रेगॉथनन या सहा जुन्या बागांनी आपापलं एकेक मॅग्नोलिया नेमून दिलेलं आहे. सहाही झाडांवर किमान ५० फुलं उमलली की परगण्यात वसंत आल्याचं जाहीर होतं. २०१२ पासून हा प्रकार चालू आहे. यात जाहिरातीचा भाग आहेच, पण आपल्याला त्याचा उपयोग होतो, कारण हा मुहूर्त दरवर्षी पुढेमागे होतो. हिवाळा सौम्य असला तर फेब्रुवारीतच, नाहीतर मार्च उजाडतो.

ही झाडं बहुतेक मॅग्नोलिया कॅम्पबेली जातीची. आपला सोनचाफा याच कुळातला, त्याचं शास्त्रीय नाव मॅग्नोलिया चंपाका. पण सोनचाफा डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर दचकाल. कॅम्पबेलीचं झाड मोठ्या वृक्षाएवढं वाढतं, पान एकही नसताना फुलतं आणि एकेक गुलाबी फूल जेवणाच्या ताटाएवढं होतं. चाफ्याचा घमघमाट मात्र नाही. फुलंच इतकी उंच असतात की वास खाली यायचा कसा?

हे झाड मूळचं हिमालयातलं. दार्जिलिंगचे सुपरिंटेंडंट आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांच्यावरून जोसेफ हूकर यांनी त्याचं नाव ठेवलं. हे दोघं सिक्कीममध्ये झाडं धुंडाळत फिरताना १८४९ मध्ये तिथल्या दरबाराच्या माणसांनी त्यांना पकडून कैदेत टाकलं होतं. हूकर यांनी त्या मोहिमेत गोळा केलेल्या ऱ्होडोडेंड्रॉनचं बी इंग्लंडला गेलं आणि त्यातलं काही कॉर्नवॉलमध्ये रुजलं. सिक्कीमचं जंगल समुद्रकाठच्या एका इंग्रजी दरीत कसं जगतं, हे पुढे येईलच.

आता वेळापत्रक. मार्चमध्ये गेलात तर मॅग्नोलिया, कॅमेलिया आणि डॅफोडिल मिळतात; झाडांना पालवी नसल्यामुळे बागेचा सांगाडाही नीट दिसतो. एप्रिलमध्ये ऱ्होडोडेंड्रॉनचा भर येतो आणि रस्त्याकडेच्या बांधांवर पिवळसर प्रिमरोझ फुलतात. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत ब्लूबेलची पाळी : जंगलाच्या तळाशी निळं धुकं साचल्यासारखं दिसतं. अझेलियाही त्याच सुमारास.

एकदाच जाणार असाल तर माझं मत एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्याला. कॅम्पबेली तेवढी हुकते, बाकी सगळ्याचं थोडं थोडं हाती लागतं. मात्र त्यात ईस्टर येत असेल तर त्याच्या मागचापुढचा आठवडा टाळा. शाळांना सुट्ट्या असतात. मेचा पहिला सोमवारही सुट्टीचा असतो, त्याला जोडून येणारा शनिवार-रविवार गर्दीचा.

आणि एकाच झाडावर सगळी सहल टांगू नका. एका रात्रीच्या हिमाने कॅम्पबेलीच्या पाकळ्या सकाळपर्यंत चहाच्या चोथ्यासारख्या तपकिरी होतात. हॉटेलचं आरक्षण रद्द करता येण्यासारखं असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घ्या.

दुसरं : मुक्काम एकाच गावात, फार तर दोन

कॉर्नवॉलला दोन किनारे आहेत आणि त्यांचा स्वभाव वेगळा आहे. उत्तर किनारा कड्यांचा, उघडा. अटलांटिकचा वारा तिथे झाडाला उभंच राहू देत नाही. दक्षिण किनाऱ्यावर खाड्या आत शिरल्या आहेत आणि त्यांच्या काठच्या दऱ्यांमध्ये वारा वरून निघून जातो. नाव घेण्याजोग्या वसंतबागा जवळजवळ सगळ्या दक्षिणेला आहेत त्या यामुळेच. सर्फिंगचे फोटो बघून उत्तर किनाऱ्यावरच्या न्यूक्वेला खोली घेतली, तर रोज सकाळी द्वीपकल्प ओलांडायची पाळी येते.

पहिल्या खेपेला दक्षिण किनाऱ्यावरचं फाल्मथ घ्या. १६८९ पासून १८५० पर्यंत ब्रिटिश टपालाची जहाजं इथून जगभर सुटत, त्यामुळे गावाला जगाची सवय आहे. जहाजांच्या आडतीचा धंदा करणारं फॉक्स कुटुंब इथलंच. त्यातल्या तीन भावांनी जवळपास तीन बागा उभ्या केल्या : अल्फ्रेडने ग्लेंडर्गन, चार्ल्सने ट्रेबा, रॉबर्टने पेनजेरिक. परदेशी बियाणं आणि रोपं बंदरात उतरली की आधी यांच्या कानावर जात असणार, हे वेगळं सांगायला नको.

आठवडाभर असाल तर अर्धा मुक्काम फाल्मथला आणि अर्धा पेन्झान्सला करा. हेलिगन आणि केरहेज बघायचं तर सेंट ऑस्टल किंवा ट्रूरोही सोयीचं, पण संध्याकाळी समुद्रावर चक्कर मारायची असेल तर ट्रूरोत मजा नाही.

तिसरं : बागा निवडा, आणि कमी निवडा

नवख्यासाठी माझी निवड सांगतो.

*ट्रेबा आणि ग्लेंडर्गन.* एका दिवसात दोन बागा बघायच्या असतील तर याच. फाल्मथपासून सहा-सात किलोमीटरवर, हेलफर्ड खाडीच्या काठी, एकमेकींपासून पायी जाण्याच्या अंतरावर. दोन्ही बागा दरीच्या माथ्यावर सुरू होतात आणि खाली पाण्यापाशी संपतात. ग्लेंडर्गनमध्ये १८३३ मध्ये लावलेला लॉरेलच्या झुडपांचा भुलभुलैया आहे. समोरच्या उतारावरून बघितला तर आत अडकलेली माणसं दिसतात, ती करमणूक वेगळीच. ट्रेबाच्या तळाशी छोटा किनारा आहे. जून १९४४ मध्ये अमेरिकेच्या २९ व्या इन्फंट्री डिव्हिजनचे सैनिक इथूनच बोटीत बसून नॉर्मंडीच्या ओमाहा बीचकडे गेले. फुलं बघत बघत उतरताना समोर त्यांचं स्मारक येतं, तेव्हा पाय जरा थबकतात.

*हेलिगन.* मेव्हागिसी गावाजवळची ट्रमेन घराण्याची इस्टेट. पहिल्या महायुद्धात बरेच माळी लढायला गेले, त्यातले कित्येक परतले नाहीत, आणि बाग हळूहळू ब्रॅम्बलच्या काटेरी जाळीखाली गडप झाली. १९९० मध्ये टिम स्मिट आणि घराण्याचे वंशज जॉन विलिस यांनी ती शोधून काढली. १९९२ पासून ती लोकांना खुली आहे. माळ्यांच्या शौचघराच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली नावं आहेत, खाली ऑगस्ट १९१४. ती खोली चुकवू नका. हेलिगनला पूर्ण दिवस लागतो. घोड्याच्या लिदीच्या उबेवर अननस पिकवायचा खड्डा, भाजीचा मळा, आणि खालच्या दरीतलं ‘जंगल’ हे सगळं दोन तासांत उरकत नाही.

*केरहेज.* किल्ल्यासारखा दिसणारा वाडा, स्थापत्यकार जॉन नॅश. मॅग्नोलियासाठी यावं ते इथेच. मालक जे. सी. विल्यम्स यांनी चीनमध्ये झाडं गोळा करणाऱ्या जॉर्ज फॉरेस्टच्या मोहिमांना पैसा पुरवला आणि आलेल्या कॅमेलियांचा संकर केला. त्या संकराला आज त्यांचंच नाव आहे, कॅमेलिया विल्यम्सी. त्याची खूण सोपी : सुकलेलं फूल फांदीवर कुजत राहत नाही, आपसूक गळून पडतं. त्यामुळे झाडाखाली प्राजक्तासारखा सडा असतो आणि झाड मात्र स्वच्छ. केरहेजची बाग साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनपर्यंतच उघडी असते.

*ट्रेंगवेंटन.* पेन्झान्सजवळ. भिंतबंद मळ्यातले वाफे मुद्दाम तिरपे केलेले आहेत, म्हणजे दुपारचं ऊन मातीवर सरळ पडतं. झाडं गोळा करत फिरणाऱ्या फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांच्या १९२७-२८ च्या आसाम-ब्रह्मदेशाकडच्या मोहिमेतून आलेले ऱ्होडोडेंड्रॉन इथे वाढले.

*एनिस.* पेनरिनजवळची जुनी इस्टेट. इथे फक्त ब्लूबेलसाठी जायचं. पार्क लाय नावाचं कुरण त्या दिवसांत निळं झालेलं असतं.

ट्रेगॉथननचं नाव वर आलं, पण ती बाग खासगी आहे, एरवी सहज आत जाता येत नाही. तिथे चहा पिकतो, आणि त्यात नवल नाही. चहाचं झुडूप हेही कॅमेलियाच, शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. ज्या हवेत शोभेचा कॅमेलिया माजतो तिथे चहाही तग धरतो.

एक सावधगिरी : ट्रेविडन आणि ट्रेविदन या दोन वेगळ्या बागा आहेत. पहिली पेन्झान्सजवळ, दुसरी ट्रूरो आणि सेंट ऑस्टलच्या मध्ये. अंतर पन्नासेक किलोमीटर. फोनवर नकाशा लावताना एक अक्षर चुकलं तर दिवस गेला.

चौथं : दार उघडं आहे का ते आदल्या रात्री बघा

ही पायरी लोक गाळतात आणि बंद फाटकासमोर फोटो काढून परततात. प्रत्येक बागेचे वार वेगळे असतात; काही आठवड्यातले ठरावीक दिवसच उघडतात. पेन्झान्सजवळच्या सेंट मायकल्स माउंट या बेटावरच्या, उतारावर टप्प्याटप्प्याने केलेल्या बागा तर तिथल्या वाड्यापेक्षाही कमी दिवस खुल्या असतात आणि त्यांचा हंगाम उशिरा सुरू होतो. तिथे जाताना आणखी एक गोष्ट बघावी लागते : भरती-ओहोटी. ओहोटीला फरसबंदी वाटेने चालत जाता येतं, भरती आली की तीच वाट पाण्याखाली आणि मग होडी. त्या दिवसाच्या वेळा बघितल्याशिवाय निघू नका.

वारा जोराचा असला तर मोठ्या झाडांच्या बागा फाटक लावून घेतात. समुद्रकाठी हे वारंवार होतं. सकाळी निघायच्या आधी त्यांच्या संकेतस्थळावर नजर टाकायला एक मिनिट लागतो.

तिकिटाचं म्हणाल तर ग्लेंडर्गन, ट्रेंगवेंटन, ट्रेलिसिक, कोटील, लॅनहायड्रॉक या जागा नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू आणि बागा जपणाऱ्या संस्थेच्या आहेत. वर्षाचं सभासदत्व घेतलं की तिथे प्रवेश वेगळा पडत नाही. यातल्या तीन-चार बघणार असाल तर आधी हिशोब मांडून बघा. ट्रेबा, हेलिगन, केरहेज यांचा ट्रस्टशी संबंध नाही, त्यांची तिकिटं स्वतंत्र.

पाचवं : पोचायचं कसं

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून पेन्झान्सपर्यंत थेट गाडी आहे, पाच तासांहून थोडा जास्त वेळ. जाताना डावीकडची खिडकी धरा. डॉलिशपाशी रूळ समुद्राच्या भिंतीला लागून जातात आणि समुद्र खवळलेला असला तर लाटेचे तुषार काचेवर येतात. पुढे प्लिमथ सुटलं की अभियंता ब्रुनेल यांचा १८५९ चा पूल लागतो, खाली टेमार नदी, पलीकडे कॉर्नवॉल. रात्रीची शयनयान गाडीही आहे, शनिवारची रात्र सोडून. तिकीट आधी काढाल तितकं स्वस्त. फाल्मथसाठी ट्रूरोला गाडी बदलायची.

तिथे पोचल्यावर मोटार लागते का? फाल्मथ-पेन्झान्स पुरतं आणि दोन-तीन बागांसाठी बसवर भागतं, पण फेऱ्या मोजक्या असतात; शेवटची बस कितीची हे जाताना पाठ करून ठेवा. केरहेजसाठी मोटार हवीच.

गाडी डावीकडून चालवायची, ती सवय आपल्याला आहे. सवय नसते ती तिथल्या आडरस्त्यांची. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच बांध, दगडाचे, आत माती भरलेले, वर झुडपं. मध्ये एका गाडीपुरता रस्ता. समोरून ट्रॅक्टर आला की कुणीतरी मागे जायचं असतं, आणि ते कुणीतरी बहुधा पाहुणाच असतो. सरळ मागे घेणं जमत नसेल तर भाड्याची छोट्यात छोटी गाडी घ्या आणि नकाशावरचा ‘सर्वांत जवळचा मार्ग’ टाळा. हिरवळ वाटून बांधाला गाडी घासू नका. आत दगड आहे.

सहावं : अंगात आणि पायात

मार्च-एप्रिलमध्ये दिवसा साधारण दहा-बारा अंश. ऊन पडलं की स्वेटर काढावासा वाटतो, दरीच्या तळाशी गेलात की परत घालावासा. एक जाड कोट घेण्यापेक्षा पातळ थर घ्या आणि वरून वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. छत्री नेऊ नका. समुद्राकडचा वारा ती पहिल्या तासात उलटी करतो.

चपला, सँडल, गुळगुळीत तळाचे बूट नकोत. या बागा म्हणजे उतार, ओली पानं आणि शेवाळ. बूट आदल्या रात्री धुऊन घ्या, आणि ते शोभेसाठी नाही. फायटोफ्थोरा रॅमोरम नावाचा रोग चिखलातून एका बागेतून दुसरीकडे जातो. ऱ्होडोडेंड्रॉनवर तो वाढतो आणि लार्चसारखी झाडं मारतो. त्यापायी मोठमोठी रोपवनं तोडावी लागली आहेत. फाटकापाशी बूट पुसायची सोय दिसली तर वळसा घालून जाऊ नका.

दुर्बीण असेल तर जरूर न्या. पक्ष्यांसाठी नाही, मॅग्नोलियासाठी.

सातवं : बागेत शिरल्यावर

आधी पाच मिनिटं माथ्यावर उभे राहा. खाली पाणी, दोन्ही कुशींवर झाडी, आणि सगळ्यांत बाहेर, दरीच्या कडांवर, पाइन आणि सायप्रसच्या काळपट रांगा. त्या रांगा म्हणजे बागेची भिंत. खारा वारा त्यांनी अंगावर घ्यायचा आणि आतल्या नाजूक मंडळींनी निवांत वाढायचं, अशी ही व्यवस्था. जुन्या मालकांनी आधी या रांगा लावल्या आणि त्या मोठ्या होईपर्यंत वाट बघितली. सिली बेटांवरच्या ट्रेस्को ॲबीची बाग १८३४ नंतर ऑगस्टस स्मिथ यांनी अशाच आडोशावर उभी केली. १९८७ च्या जानेवारीत बर्फाने तिथली झाडं जाळली आणि १९९० च्या वादळाने आडोशाचीच बहुतेक झाडं पाडली. बाग पुन्हा उभारावी लागली. (पेन्झान्सहून सिलीच्या मुख्य बेटापर्यंत बोटीने पावणेतीन तासांच्या आसपास. समुद्र खवळलेला असेल तर ज्याला बोट लागते त्याने हट्ट करू नये.)

आडोसा ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी पाण्यात आणि मातीत आहे. अटलांटिकमधून येणारा उबदार प्रवाह हिवाळा सौम्य ठेवतो, पाऊस भरपूर, आणि माती आम्लधर्मी. ऱ्होडोडेंड्रॉन, कॅमेलिया आणि हिमालयातला मॅग्नोलिया यांना नेमकं हेच लागतं. चुनखडीच्या मातीत ऱ्होडोडेंड्रॉनची पानं पिवळी पडतात. सिक्कीममधली दमट, सावलीची, हिम टळणारी दरी इथे समुद्रसपाटीवर मिळते, म्हणून ही झाडं परकी वाटत नाहीत.

आता चालायला लागा, पण थेट खाली पळू नका. दरीच्या एका कुशीवरून उतरा आणि दुसऱ्या कुशीवरून चढा. मधल्या ओढ्याकाठची वाट सगळ्यांनाच खुणावते, तिथे झाडं खालून दिसतात. मॅग्नोलिया खालून बघितला तर फांद्या आणि आभाळ, बस. तोच वरच्या वाटेवरून बघा : झाडाचा शेंडा तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर येतो आणि फुलांच्या आत नजर जाते. उतारावरच्या बागेचा सगळा फायदा इथे आहे. बी पेरल्यापासून पहिलं फूल यायला कॅम्पबेलीला वीस-तीस वर्षं लागतात, म्हणजे लावणाऱ्यांपैकी कितीकांनी ते बघितलंही नसेल.

ओढ्यापाशी गनेराचे कंद शोधा. उन्हाळ्यात त्याचं एकेक पान माणसाला झाकतं. वसंतात मात्र चिखलातून वर आलेले खवल्याखवल्यांचे लालसर कोंब दिसतात, एखादं जनावर जागं होतंय असे. नेचेही बघा. ऑस्ट्रेलियातून आलेले वृक्षनेचे इथे पुरुषभर उंच होतात आणि एप्रिल-मेमध्ये त्यांची नवी पानं सोंडेसारखी गुंडाळलेली असतात.

नावाच्या पट्ट्या वाचा. पट्टीवर कधी गोळा करणाऱ्याचं नाव असतं, कधी साल. दोन-चार वाचल्या की फॉरेस्ट, विल्सन, हूकर ही नावं ओळखीची होतात. पट्टी नसेल आणि जवळ माळी दिसला तर त्यालाच विचारा. हातातलं काम थांबवून तो सांगतो, असा माझा अनुभव आहे, आणि बहुधा विचारलेल्या झाडापेक्षा शेजारच्या झाडाबद्दल जास्त सांगतो.

फुलं तोडायची नाहीत हे लिहायला नको. पण ऱ्होडोडेंड्रॉनची पानं-फुलं विषारी असतात, लहान मुलांबरोबर असाल तर लक्ष ठेवा. ब्लूबेलमध्ये वाटेवरूनच चाला. पायाखाली पानं चिरडली की कांद्याला पोसायला काही उरत नाही आणि पुढच्या वर्षी तिथे टक्कल पडतं. रानातले ब्लूबेलचे कांदे उपटणं तिथल्या १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे.

जेवणखाण शक्यतो वर, फाटकापाशी असतं. तळाशी पोचून भूक लागली तर सगळा चढ चढायचा आहे हे लक्षात ठेवून पाणी आणि काहीतरी खिशात ठेवा. गुडघे कुरकुरत असतील तर उतरतानाच वेळ मोजा. चढायला त्याच्या दीडपट धरा. वर आल्यावर क्रीम टी मागवा. चहाबरोबर स्कोन नावाचे छोटे गोडसर पाव येतात; त्यावर आधी जॅम, मग क्लॉटेड क्रीम म्हणजे घट्ट साय, हा कॉर्नवॉलचा क्रम. शेजारच्या डेव्हनमध्ये उलटा. कुणाचा बरोबर हे तिथे मोठ्याने विचारू नये.

आठवं : एक दिवस मोकळ्या उद्यानासाठी

बागा बघून बघून डोळे भरतात. मग एखादं जुनं उद्यान घ्या, जिथे झाड कुठलं हे कळलं नाही तरी चालतं. माउंट एजकम हे त्यातलं माझं आवडतं. प्लिमथच्या स्टोनहाउसहून क्रेमिलची छोटी फेरीबोट घ्यायची, काही मिनिटांत पलीकडे. समुद्राकाठचं प्रचंड आवार, झाडी, हरणं, इटालियन आणि फ्रेंच धर्तीच्या छोट्या बागा, कॅमेलियांचा मोठा संग्रह. आवारात फिरायला पैसे पडत नाहीत. वाडा १९४१ च्या बाँबहल्ल्यात जळाला होता, नंतर पुन्हा बांधला.

त्याच एजकम घराण्याचं जुनं घर कोटील, टेमारच्या वरच्या अंगाला. प्लिमथहून कॅल्स्टॉकपर्यंत छोटी रेल्वे जाते, तिथून नदीकाठाने चालत जायचं. डॅफोडिलच्या जुन्या जाती बघायच्या तर मार्चमध्ये.

फुकटातलं गावातलंही सोडू नका : पेन्झान्सचं १८८९ चं मोराब गार्डन, फाल्मथचं फॉक्स रोझहिल. गाडीला तासभर अवकाश असेल तर याहून बरी जागा नाही.

नववं : पाऊस लागला तर

लागेलच. झिमझिम असेल तर जा. ढगाळ उजेडात फुलांचे रंग उलट खुलतात आणि फोटो बरे येतात. नुसता धो धो असेल तर ईडन प्रोजेक्ट. तो जुना नाही, २००१ चा आहे, चिनी मातीच्या रिकाम्या खाणीत बांधलेला. एका घुमटात वर्षावन आहे. बाहेर गारठा आणि आत केळी, भात, फणसाच्या देशातली दमट हवा : चष्मा लगेच धुरकटतो. वसंत बघायला आलात आणि घुमटाखाली उभे राहिलात असं वाटेल, पण भिजून सर्दी होण्यापेक्षा बरं.

शेवटचं : रोपांच्या दुकानापाशी

जवळजवळ प्रत्येक बागेच्या फाटकाशी रोपांची विक्री असते आणि नुकतीच बाग बघून आलेला माणूस तिथे हळवा झालेला असतो. इंग्लंडमध्येच राहत असाल तर खुशाल घ्या, मात्र घरची माती आम्लधर्मी नसेल तर कुंडीत, एरिकेशियस म्हणजे आम्लधर्मी कंपोस्ट घालून. नळाच्या जड पाण्याऐवजी साठवलेलं पावसाचं पाणी घाला. भारतात परतणार असाल तर रोप, कांदा किंवा बी बॅगेत टाकू नका. आयात परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावर ते काढून घेतात. पट्टीचा फोटो काढून ठेवा.